उद्या पुन्हा पळता यावं म्हणून

पहाटे पाचच्या सुमाराला साताऱ्यापासून बीडपर्यंत कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पडलं, की डांबरी रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं-पोरी दिसतात. कुणाला पोलीस भरतीचं ‘ग्राउंड’ काढायचं असतं, कुणाला सैन्यात जायचं असतं, कुणी जिल्हा पातळीवर तीन किंवा पाच हजार मीटर पळणारं असतं. पुण्या-मुंबईत त्याच वेळी नोकरी-धंदा सांभाळून मॅरेथॉनची तयारी करणारे चाळिशीतले स्त्री-पुरुष निघालेले असतात. यांची परिस्थिती वेगळी, बूट वेगळे, खाणंही वेगळं. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच असतो: किती मेहनत घेऊ? आणि बहुतेकांना मिळणारं उत्तरही एकच असतं. जमेल तेवढी घे, आणि त्यावर आणखी थोडी.

हे पुस्तक त्या ‘आणखी थोडी’बद्दल आहे. ती कधी घ्यावी, कधी अजिबात घेऊ नये, आणि घेतल्यावर अंगाला सावरायला किती दिवस द्यावेत, एवढाच त्याचा विषय. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो. आज किती दमलो यावरून सरावाची किंमत ठरत नाही. आज केलेलं परवा पुन्हा करता आलं, पुढच्या महिन्यात त्याहून थोडं जास्त झेपलं आणि वर्ष सरताना पाय शाबूत राहिले, तर मेहनत योग्य होती. बाकी सगळं, म्हणजे ओकारी येईपर्यंत मारलेले राउंड, तापात केलेला सराव, सुजलेल्या घोट्यावर पट्टी बांधून काढलेले दहा किलोमीटर, हे ऐकायला शूर वाटतं. पण त्यातून वेग वाढत नाही.

हे सांगण्याची निकड मला सर्वांत जास्त भरतीच्या मुलांमुळे वाटते. २०१४च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीची पाच किलोमीटरची धाव चालू असताना उमेदवार कोसळले आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. वेळ उकाड्याची होती, मुलं लांबून प्रवास करून आलेली होती, आणि थांबलो तर वर्ष वाया जाईल ही भीती प्रत्येकाच्या मनात होती. पुढे धावेचं अंतर कमी झालं. आज पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर पळावं लागतं. अंतर घटलं, पण तयारीची रीत फारशी बदलली नाही. जाहिरात निघाली की दोन महिन्यांत वर्षाची मेहनत उरकायची, हीच पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालते.

दोन महिन्यांत ती का उरकत नाही, याचं कारण शरीराच्या कामाच्या वेळापत्रकात आहे. पळायला सुरुवात केली की पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रवभाग वाढतो आणि हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दम लागणं कमी होतं आणि माणसाला हुरूप येतो. स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या आणि पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढायला आठवडे लागतात. स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणि स्वतः हाडं यांना मात्र महिने लागतात. हाडावर नवा भार पडला की शरीर आधी तिथलं जुनं हाड पोखरून काढतं आणि मग त्या जागी नवं घालतं. या मधल्या काळात ते हाड नेहमीपेक्षा कमकुवत असतं. छातीला वाटतं आपण तयार आहोत, नडगी तयार नसते. सराव सुरू करून महिना-दीड महिना झाल्यावर नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागणारी मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे लगेच पटेल. हा प्रकार नवाही नाही. १८५५मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने कवायत करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन लिहून ठेवलं होतं. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर कळलं, की ती हाडाला गेलेली बारीक चीर होती. आपल्या अकॅडमीतल्या मुलाला आज होतं ते हेच, आणि त्यावर अजूनही अनेकदा ‘पळून पळून जाईल’ असंच सांगितलं जातं. ते पळून जात नाही. चीर वाढते.

ताण दिल्याने शरीर सुधारतं हे अर्धंच खरं आहे. ताणाने ते आधी ढासळतं; सुधारतं ते नंतर, खाण्यात आणि झोपेत. नव्या स्लॅबला पाणी मारायचे दिवस असतात तसे हे दिवस. त्यात वर वजन चढवलं, तर स्लॅब लवकर पक्का होत नाही.

खेळाच्या इतिहासात याची इतकी ठसठशीत उदाहरणं आहेत, की ती लोकांच्या तोंडी का नाहीत याचं मला नवल वाटतं. रॉजर बॅनिस्टरने ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पळून चार मिनिटांची भिंत फोडली, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या आधीचे काही महिने फारसे कुणाला माहीत नसतात. तो लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होता आणि दुपारच्या सुट्टीत सराव करायचा. मध्ये दोन-दोन मिनिटांची विश्रांती घेत ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या, हा त्याचा मुख्य व्यायाम. हिवाळ्यात प्रत्येक फेरी ६६ सेकंदांना सुरू झाली आणि वसंतात ६१वर आली. तिथे ती अडकली. कितीही जोर लावला तरी ६१च्या खाली येईना. तेव्हा त्याने आणि त्याचा मित्र क्रिस ब्रॅशर याने काय करावं? ते गाडी घेऊन स्कॉटलंडला गेले, काही दिवस डोंगरकडे चढले आणि पळण्याचं नावही काढलं नाही. परत आल्यावर त्याच दहा फेऱ्या ५९ सेकंदांच्या झाल्या. शर्यतीच्या आधीचे पाच दिवसही त्याने पूर्ण विश्रांती घेतली. अडकलेली सुई पुढे सरकली ती मेहनत थांबवल्यावर. अर्थात तोवरची महिन्यांची मेहनत पदरात नसती, तर नुसत्या डोंगर चढण्याने काहीही झालं नसतं; हे सांगायला मी विसरणार नाही.

एमिल झाटोपेकचं उदाहरण तर याहून बोलकं आहे, कारण मेहनतीचा देव म्हणून त्याच्याकडे बोट दाखवलं जातं. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं जिंकणारा हा चेकोस्लोव्हाकियाचा लष्करी अधिकारी. चारशे मीटरच्या डझनावारी फेऱ्या, अंगावर येईल तो पाऊस-बर्फ, पायांत जड लष्करी बूट. आपल्याकडचे प्रशिक्षक या गोष्टी आवर्जून सांगतात. पण १९५०मध्ये ब्रुसेल्सच्या युरोपियन स्पर्धेच्या तोंडावर तो अन्नातून विषबाधा होऊन रुग्णालयात पडला होता. त्याला जवळजवळ स्पर्धेच्या दारातच घरी सोडलं. सराव बुडालेला, अंगात अशक्तपणा. तो गेला आणि दोन्ही लांब शर्यती प्रचंड फरकाने जिंकला. आजारपण चांगलं असतं असा याचा अर्थ कुणी काढू नये. वर्षानुवर्षं साठलेला थकवा पहिल्यांदाच उतरला आणि त्याखाली दडलेली ताकद वर आली, इतकंच. आज प्रत्येक जाणता प्रशिक्षक मोठ्या शर्यतीआधी दोन-तीन आठवडे सराव कमी करत आणतो. झाटोपेकला ती कपात नाइलाजाने मिळाली.

आणि ज्यांनी थांबायचं तिथे थांबायचं नाकारलं, त्यांचं काय? ७ ऑगस्ट १९५४, कॅनडातलं व्हँकुव्हर. त्या दिवशी तिथल्या स्टेडियमवर बॅनिस्टरने जॉन लँडीला मैलाच्या शर्यतीत हरवलं. दोघंही चार मिनिटांच्या आत आले. टाळ्या अजून विरल्या नव्हत्या, तेवढ्यात मॅरेथॉनचा पहिला धावपटू आत आला. तो इंग्लंडचा जिम पीटर्स होता. मॅरेथॉनमधली तेव्हाची जगातली सर्वोत्तम वेळ त्याच्या नावावर होती, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या धावपटूपेक्षा तो सुमारे सतरा मिनिटांनी पुढे होता. कडक उन्हात त्याने आपला नेहमीचा वेग कमी केला नव्हता. मैदानावर त्याचे पाय वाकडेतिकडे पडू लागले. तो पडला, उठला, पुन्हा पडला, सरपटला. शेवटची रेषा गाठण्याआधीच त्याला उचलून न्यावं लागलं, आणि त्यानंतर तो पुन्हा कधीही शर्यतीत उतरला नाही. सतरा मिनिटांची आघाडी असलेल्या माणसाला चालत आलं तरी चाललं असतं. पण वेग कमी करण्याचा विचार करणारा भाग, म्हणजे मेंदूच, त्या उष्णतेत सर्वांत आधी बधिर होतो. म्हणून ‘शरीर सांगेल तेव्हा थांबेन’ हे उन्हातल्या धावेसाठी पुरेसं नाही. थांबण्याचा आणि वेग उतरवण्याचा निर्णय सुरुवातीच्या रेषेवर, डोकं ताळ्यावर असतानाच घ्यावा लागतो.

आता रोजच्या सरावाकडे येऊ, कारण खरी चूक तिथे होते. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात काम करणारा आर्थर लिडियार्ड हा या बाबतीत माझ्या मते सर्वांत मोठा शिक्षक. त्याने वर्षानुवर्षं स्वतःच्या अंगावर प्रयोग केले आणि निष्कर्ष काढला, की आधी काही महिने आठवड्याला शंभर मैलांच्या आसपास पळायचं, पण श्वास न कोंडता. वेगाचा कठोर सराव त्यानंतर, आणि थोडेच आठवडे. त्याच्या परिसरातलीच मुलं त्याच्याकडे यायची. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये त्यांतल्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचं सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकलं. आठशे मीटरच्या धावपटूला शंभर मैलांचा आठवडा! त्या काळी हे वेडेपणाचं वाटलं होतं. त्यातली मेख ‘श्वास न कोंडता’ या शब्दांत होती.

पुढे स्टीफन सायलर या नॉर्वेत काम करणाऱ्या अमेरिकी संशोधकाने जगातल्या उत्तम धावपटूंच्या, स्कीपटूंच्या आणि नौकापटूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की त्यांची साधारण ऐंशी टक्के सराव-सत्रं सोपी असतात आणि उरलेली खरोखर कठीण असतात. मधल्या पट्ट्यात, म्हणजे धड सोपं नाही आणि धड कठीणही नाही अशा वेगात, ते फार कमी वेळ घालवतात. एलियुड किपचोगेने २०१९मध्ये व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर कापलं, म्हणजे किलोमीटरला जेमतेम २ मिनिटं ५० सेकंद. तोच किपचोगे केनियात सकाळची सोपी धाव सुरू करतो ती किलोमीटरला पाच मिनिटांहून सावकाश. आपल्याकडचा हौशी धावपटू नेमका त्याच मधल्या पट्ट्यात रोज पळतो. ग्रुपमधला पुढचा माणूस दिसतो, मोबाइलमधलं ॲप आकडा दाखवतं, आणि सोपी धाव बघता बघता शर्यत होते. मग कठीण सरावाच्या दिवशी पायांत जीवच नसतो. तो दिवसही मध्यम जातो. वर्षभर माणूस दमलेला राहतो आणि टायमिंग हलत नाही. मेहनत कमी पडली असं त्याला वाटतं आणि तो ती वाढवतो.

यावरचं साधन फुकट आहे: बोलणं. पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली तर धाव सोपी. चार-पाच शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर मध्यम. एक-दोन शब्दांपलीकडे बोलता येत नसेल तर कठीण. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग या मानसशास्त्रज्ञाने हीच जाणीव आकड्यांत मांडली. त्याची मोजपट्टी ६ पासून २० पर्यंत जाते, कारण त्या आकड्याला दहाने गुणलं की तरुण माणसाचे हृदयाचे ठोके साधारण तेवढेच येतात. मनगटावरच्या महागड्या घड्याळाला माझा विरोध नाही, पण घड्याळाला माहीत नसतं की काल रात्री तुम्ही रडलात, की घरात आजारपण आहे, की रात्रपाळी करून थेट मैदानावर आलात. श्वासाला ते माहीत असतं.

पुण्यात खोली करून भरतीची तयारी करणाऱ्या मुलाचा दिवस पाहा. पहाटे साडेचारला उठणं, ग्राउंड, मग लायब्ररीत लेखीचा अभ्यास, मेसचा पातळ वरणाचा डबा, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड, रात्री बारापर्यंत सराव परीक्षा. साडेचार-पाच तासांची झोप. गावाकडे असेल तर मधल्या वेळात शेतातलं काम. या मुलाला प्रशिक्षक म्हणतो, तुझा स्टॅमिना कमी आहे. त्याचा स्टॅमिना कमी नाही. त्याच्या अंगावरचा एकूण भार मोजताना आपण फक्त किलोमीटर मोजतो. सकाळी अंथरुणात असताना नाडीचे ठोके नेहमीपेक्षा सलग काही दिवस वाढलेले असतील, झोप येत नसेल, भूक मेली असेल, चिडचिड होत असेल आणि सोपा वेगही जड जात असेल, तर तिथे राउंड वाढवणं हा उपाय नाही. दोन-तीन दिवसांत उतरणारा थकवा सरावाचा भाग आहे. दोन-तीन आठवड्यांतही न उतरणारा थकवा हा आजार आहे, आणि तो एकदा जडला की महिनोन्महिने पिच्छा सोडत नाही.

मुलींबद्दल वेगळं आणि स्पष्ट लिहिणं भाग आहे, कारण मैदानावर हे कुणी बोलत नाही. सरावाला लागणाऱ्या ऊर्जेच्या मानाने खाणं कमी पडत राहिलं की शरीर आधी ज्या गोष्टी बंद करतं त्यांत मासिक पाळी असते. पाळी चुकू लागली की काही मुलींना सुटल्यासारखं वाटतं, काही प्रशिक्षक तर ते चांगल्या मेहनतीचं लक्षण मानतात. हे साफ चूक आहे. पाळी थांबण्याबरोबर हाडांची घडणही मंदावते, आणि जी भर वयाच्या विशीपर्यंत पडायची ती नंतर पूर्णपणे भरून काढता येत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४मध्ये या स्थितीवर सविस्तर भूमिका मांडली आणि पुरुषांनाही कमी खाण्याचे असेच दुष्परिणाम होतात हे नोंदवलं. आपल्याकडे यात रक्तातल्या लोहाच्या कमतरतेची भर पडते. जी मुलगी सारखी दमते तिला आळशी म्हणण्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासा.

काही गोष्टींत मात्र चर्चेला जागा नाही. उन्हात पळणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात धरून चालायचं. शरीराच्या आतलं तापमान चाळीस अंशांपलीकडे गेलेलं असू शकतं. आधी त्याला गार पाण्यात बुडवायचं किंवा जे मिळेल त्या गार पाण्याने, बर्फाने अंग थंड करायचं, त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवायची. थंड करणं दवाखान्यावर सोडायचं नाही. अतोनात जोर-बैठका किंवा धावेनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू फुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडात उतरत आहेत. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घ्यायची नाही. आणि पाणी तहानेप्रमाणे प्यायचं. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम कमी निघालं होतं. जास्त पाणी पिणं हे त्याचं मोठं कारण. जास्त वेळ लागणाऱ्या, सावकाश धावणाऱ्यांना हा धोका अधिक.

लहान मुलांबाबतही मी तडजोड करणार नाही. २००६च्या मे महिन्यात ओडिशातल्या बुधिया सिंगने पुरीहून भुवनेश्वरच्या दिशेने ६५ किलोमीटर धाव घेतली, तेव्हा तो चार वर्षांचा होता. देशभर कौतुक झालं. शेवटी तो कोसळला, आणि पुढे सरकारने त्याच्या लांब धावांवर बंदी घातली. चार वर्षांचं मूल ‘थांबू का’ असं विचारत नाही. ते समोरच्या मोठ्या माणसाचा चेहरा बघून पळत राहतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीतही हे बरंचसं खरं असतं, आणि शालेय स्पर्धांतून पदकं मिळवून सतराव्या वर्षी खेळ सोडणारी मुलं आपल्याकडे थोडी नाहीत.

इतकं वाचून कुणाला वाटेल, की मी मेहनतीच्या विरुद्ध आहे. तसं नाही. ज्या दिवशी कठीण पळायचं त्या दिवशी ते खरंच कठीण असलं पाहिजे. पोटऱ्या जळतात, चवथ्या फेरीनंतर डोकं म्हणतं बस, आणि तरी पाचवी ठरलेल्या वेळेत काढायची असते. हे शिकावं लागतं, आणि जे शिकत नाहीत ते कधीच आपल्या पूर्ण वेगापर्यंत पोचत नाहीत. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर आधी मॅरेथॉन पळायची. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली आली. त्या लांब पल्ल्याच्या पायावर ती ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६मध्ये रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत गेली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. अंतिम फेरीत ती दहावी आली, वेळ ९ मिनिटं २२.७४ सेकंद. दोन दिवसांच्या अंतराने जवळजवळ तीन सेकंदांचा फरक. त्याचं एकच कारण असेल असं मी म्हणणार नाही, पण आयुष्यातली सर्वोत्तम धाव दोन दिवसांनी पुन्हा काढणं जगातल्या फार थोड्यांना जमतं. सगळं पणाला लावण्याचे दिवस मोजके असतात. ते कुठल्या तारखेला खर्च करायचे हे आधी ठरवावं लागतं, आणि मंगळवारच्या सरावात ग्रुपमधल्या मित्राला मागे टाकण्यासाठी ते खर्चायचे नसतात.

शेवटची विनंती प्रशिक्षकांना. आपल्याकडे सरांचा किंवा वस्तादांचा शब्द मोडायची पद्धत नाही, आणि त्या आदराचं मोल मी जाणतो. त्याच आदरामुळे दुखतंय हे सांगायला पोरं घाबरतात. म्हणून विचारायची जबाबदारी तुमची. सराव सुरू होण्याआधी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा: किती झोपलास, काय खाल्लंस, कुठे दुखतंय? उत्तर वहीत लिहा. पळताना दुखणं वाढत असेल, एका बोटाने दाखवता येईल इतक्या नेमक्या जागी असेल, किंवा त्यामुळे चाल बदलत असेल, तर त्या दिवशी त्याला बाजूला बसवा, आणि सगळ्यांसमोर बसवताना त्याची मान खाली जाणार नाही असं काही बोला. पुढच्या प्रकरणांत आठवड्याचे तक्ते आहेत, ते या वहीनंतरचे. वही नसेल तर तक्ते वापरू नका. पहिलं प्रकरण झोपेवर आहे, दुसरं खाण्यावर. धावण्याला सुरुवात तिसऱ्यापासून होते, आणि तीही चालण्याने.